गप्प मूल आणि शांत मूल : करुणामय पालकत्वाचा अर्थ

रडणाऱ्या मुलाच्या कानी मोठ्यांकडून पहिल्यांदा पडणारे शब्द बहुधा ‘गप्प बस’ हेच असतात. आवाज चढला, डोळे वटारले, प्रसंगी पाठीत धपाटा बसला, की मूल गप्प होते आणि प्रश्न मिटला असे घरातील माणसांना वाटते. परंतु गप्प झालेले मूल आणि शांत झालेले मूल या दोन अगदी निराळ्या अवस्था आहेत. पहिलीत मुलाने आपली भावना लपविलेली असते, दुसरीत ती ओसरलेली असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांतील भेद ओळखता येणे हा करुणामय पालकत्वाचा गाभा होय.

करुणामय पालकत्व म्हणजे मुलाच्या वर्तनामागील भावना समजून घेणे, त्या भावनेला आधार देणे आणि वर्तनाला मात्र आवश्यक ती मर्यादा घालणे. या व्याख्येतील तिन्ही अंगे सारखीच महत्त्वाची आहेत. भावना समजून घेतली पण मर्यादा घातली नाही, तर उरतो तो नुसता लाड. मर्यादा घातली पण भावनेची दखल घेतली नाही, तर उरतो तो धाक. या विषयावर गेल्या शतकात झालेले संशोधन आणि आपल्याकडील बालशिक्षणाची परंपरा, दोहोंतून ही तीन अंगे उलगडत गेली आहेत.

मुके रडणे

मुलांना माया दाखवू नये, असे एकेकाळी शास्त्राच्या नावाने सांगितले जात असे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालसंगोपनावरील पुस्तकात मुलांना कवटाळू नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, फार तर सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे, असा सल्ला दिला होता. मायेने मूल दुबळे होते, ही त्यामागील समजूत. रुग्णालयांतही तीच दृष्टी होती. लहान मुलाला दाखल केले की आईवडिलांच्या भेटीवर कडक निर्बंध असत, कारण भेटीनंतर मुले रडतात आणि भेट नसली की ‘रुळतात’, असा परिचारिकांचा अनुभव होता.

हे ‘रुळणे’ म्हणजे नेमके काय, याचा शोध इंग्लंडमधील समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी घेतला. १९५२ मध्ये त्यांनी एक चित्रपट तयार केला. लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेली दोन वर्षांची एक मुलगी त्यात दिसते. आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलांच्या निरीक्षणांतून रॉबर्टसन यांनी तीन अवस्था नोंदविल्या. प्रथम मूल आकांत करते, मग निराश होऊन मलूल पडते आणि अखेर अलिप्त होते. तिसऱ्या अवस्थेत ते खेळते, खाते, परिचारिकांकडे पाहून हसतेही, मात्र आई आली की तिच्याकडे पाठ फिरवते. ज्याला सारे ‘रुळणे’ म्हणत होते, ती प्रत्यक्षात विश्वास मावळल्याची खूण होती. या कामाची परिणती म्हणून १९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीने रुग्णालयातील मुलांना आईवडिलांच्या भेटीची पूर्ण मुभा द्यावी, अशी शिफारस केली. आजारी मुलाजवळ आईने थांबावे, हे आज स्वाभाविक वाटते. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाला ते पुन्हा शिकावे लागले होते.

जिव्हाळ्याचा बंध

रॉबर्टसन यांचे सहकारी, मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृसंगोपन व मानसिक आरोग्य या विषयावर अहवाल लिहिला. आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीशी जडणारा जिव्हाळ्याचा बंध ही मुलाची अन्नाइतकीच मूलभूत गरज आहे, असा सिद्धांत त्यांनी पुढे मांडला. त्याच दशकात अमेरिकेतील हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवर केलेले प्रयोग गाजले. पिलांपुढे दोन कृत्रिम ‘माता’ ठेवल्या होत्या. एक तारेची होती, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या मातेकडून मिळत असतानाही पिले बहुतांश वेळ कापडाच्या मातेलाच बिलगून राहत. पोट भरणारी आणि धीर देणारी यांत पिलांनी केलेली निवड स्पष्ट होती. आज मात्र पिलांना आईपासून तोडणारे असे प्रयोग क्रूर मानले जातात.

बोल्बी यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातील व नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथील घरांमध्ये माता आणि अर्भकांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत ठेवून आई काही मिनिटे बाहेर जाते व परत येते. ज्या मुलांचा आईवर भरवसा असे, ती आई गेल्यावर पुष्कळदा रडत, परतल्यावर तिच्याकडे धाव घेत आणि थोड्याच वेळात पुन्हा खेळायला लागत. काही मुले मात्र रडत नसत आणि आई परतल्यावर तिच्याकडे पाहतही नसत. वरवर ती अधिक ‘शहाणी’ वाटत. १९७७ मध्ये ॲलन स्रूफ व एव्हरेट वॉटर्स या संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा बाहेरून निर्विकार दिसणाऱ्या या मुलांचे ठोकेही वाढलेले आढळले. ती गप्प होती, शांत नव्हती.

मन सावरण्याची क्षमता

मूल हट्टाला पेटले की ‘याला कळतच नाही’ असे सहज म्हटले जाते. त्यात तथ्यही आहे. मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळामागे, विचार करून भावनेला आवर घालणारी यंत्रणा असते. तिची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. भीती व संताप यांची धोक्याची घंटा वाजविणारे मेंदूतील भाग त्यामानाने फार लवकर कार्यरत होतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाजवळ वेगाने धावणारी गाडी आहे, पण तिचा ब्रेक अजून बसवायचा आहे. तोवर हा ब्रेक त्याला मोठ्यांकडून उसना घ्यावा लागतो.

जवळ बसलेल्या माणसाचा सौम्य आवाज, संथ श्वास आणि पाठीवरचा हात यांमुळे मुलाचे शरीर हळूहळू निवळते. असे शेकडो वेळा घडले की स्वतःला सावरण्याची रीत मुलाच्या अंगी मुरते. उलटपक्षी, मोठा माणूसही त्याच क्षणी ओरडू लागला, तर धोक्याची घंटा अधिकच जोरात वाजते. अशा वेळी दिलेला उपदेश मुलाच्या कानावर पडतो, मनात उतरत नाही. म्हणून आधी मूल सावरावे, मग समजवावे, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

करुणा आणि मर्यादा

करुणामय पालकत्वाने मुले डोक्यावर बसतात, हा नेहमीचा आक्षेप आहे. बर्कली येथील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात केलेल्या अभ्यासात त्याचे उत्तर सापडते. त्यांनी पालकांच्या तीन तऱ्हा वर्णिल्या. पहिल्या तऱ्हेचे पालक केवळ आज्ञा करतात, कारण सांगत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेचे पालक माया करतात, पण काहीच अपेक्षा ठेवत नाहीत. तिसऱ्या तऱ्हेचे पालक मायाही करतात आणि नियमही पाळायला लावतात. नियमामागील कारण सांगतात, मुलाचे म्हणणे ऐकतात, मात्र निर्णयाची जबाबदारी स्वतःकडे ठेवतात. या तिसऱ्या तऱ्हेच्या घरांतील मुले अधिक स्वावलंबी व संयमी असल्याचे त्यांना आढळले. माया आणि अपेक्षा या दोन्हींचा अभाव असलेली चौथी, दुर्लक्षाची तऱ्हा पुढे १९८३ मध्ये इतर संशोधकांनी जोडली.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. मोबाइल काढून घेतल्यावर मूल थयथयाट करीत असेल, तर मोबाइल परत देणे ही करुणा नव्हे आणि थयथयाटाबद्दल मारणे ही शिस्त नव्हे. ‘खेळ अर्ध्यावर राहिला म्हणून तुला राग आलाय. राग येणारच. पण ठरलेली वेळ संपली आहे, मोबाइल आता उद्या,’ असे सांगून मुलाजवळ थांबणे यात दोन्ही साधते. राग येण्याला परवानगी असते, वस्तू फेकण्याला नसते. भावनेला मोकळीक आणि कृतीला कुंपण, हे सूत्र वय वाढेल तसे बदलते, पण संपत नाही.

मार आणि सोळावे वर्ष

पाच वर्षे लाड करावेत, पुढील दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे वर्ष लागताच पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, अशा आशयाचे एक संस्कृत सुभाषित आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्यातील शेवटची अपेक्षा रास्त आहे. अडचण मधल्या दहा वर्षांची आहे. ज्या हाताचा मार चुकविण्यासाठी मूल दहा वर्षे खोटे बोलायला, लपवायला शिकले, त्या हाताला ते सोळाव्या वर्षी मित्राचा हात कसा मानील? ज्या वयात मुलाने घरी येऊन खरे बोलण्याची सर्वांत अधिक गरज असते, त्याच वयात ते घरी काही बोलेनासे होते.

अमेरिकन संशोधक एलिझाबेथ गेर्शॉफ व अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे पन्नास वर्षांचे संशोधन एकत्र तपासले. त्यात १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती होती. शिस्तीसाठी दिलेल्या चापटीचा संबंध मुलांच्या सुधारलेल्या वागणुकीशी आढळला नाही. आक्रमकता, मानसिक तक्रारी आणि पालकांशी दुरावलेले नाते यांच्याशी मात्र तो आढळला.

कायद्यानेही हीच दिशा धरली आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा १९८९ मध्ये संमत झाला आणि भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. गोवा बाल कायदा २००३ मध्ये आला व त्याने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. त्यानंतर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने देशभर शाळांतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. घरातील माराला थेट मनाई करणारा पहिला देश स्वीडन होय. तेथे हा कायदा १९७९ मध्ये झाला. भारतात घरातील मारावर अशी स्पष्ट बंदी नाही. त्यामुळे शाळेत जो मार अपराध ठरतो, तो घराच्या उंबरठ्याआत अजूनही ‘वळण’ या नावाने वावरतो.

आपल्याकडील वारसा

मुलाचा आदर करणारे शिक्षण ही आयात केलेली कल्पना आहे, असे मानण्याचे कारण नाही. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धतीला त्यांनी देशी रूप दिले. शिक्षा नको, तसेच बक्षिसाचे आमिषही नको, हा त्यांचा आग्रह होता. कारण दोन्हींमुळे मूल स्वतःच्या मनाकडे न पाहता मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागते.

ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाड येथे हे काम आदिवासी मुलांपर्यंत नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता, ती जेथे गुरे राखीत तेथेच शाळा नेण्याची ‘कुरणशाळा’ची कल्पना याच कामातून आली. मूल असे का वागते, हे आधी समजून घ्यावे आणि मग आपली रीत बदलावी, हा त्यामागचा विचार घरालाही तितकाच लागू पडतो. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

भावनेला नाव

भावना ओसरण्यासाठी तिला नाव मिळावे लागते. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढ व्यक्तींना भावना दर्शविणारे चेहरे दाखविले. चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिला असता मेंदूतील भयाशी निगडित भागाची हालचाल मंदावल्याचे दिसले. मोठ्यांना जे साहाय्य शब्दांतून मिळते, ते मुलांना मिळण्यासाठी आधी कोणीतरी ते शब्द त्यांच्या हाती द्यावे लागतात.

या बाबतीत मराठी समृद्ध आहे. रुसणे, हिरमुसणे, खट्टू होणे, ओशाळणे, धास्तावणे, भांबावणे, कावरेबावरे होणे, हुरहुर लागणे, विरस होणे. यांतील प्रत्येक शब्द मनाची वेगळी छटा टिपतो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या, घरी कोंकणी-मराठी बोलणाऱ्या गोमंतकीय मुलांकडे मात्र अनेकदा ‘बोअर’ आणि ‘टेन्शन’ एवढे दोनच शब्द उरतात. घरातील भाषेत मुलाशी मनाविषयी बोलणे हे म्हणूनच भाषासंवर्धनाइतकेच मनःस्वास्थ्याचेही काम आहे.

प्रसंग सणावारांतही येतात. दिवाळीच्या आदल्या रात्री अक्राळविक्राळ नरकासुर पाहून चार वर्षांचे मूल आईच्या पदराआड दडते, तेव्हा ‘मुलगा असून भितोस?’ असे हसून म्हटले जाते. त्यातून भीती जात नाही, भीतीची लाज मात्र नव्याने जडते. ‘मोठा आवाज, मोठे डोळे, धास्ती वाटली ना? आपण लांबून पाहू. तो कागदाचा आणि गवताचा आहे, उद्या तुला जवळून दाखवते,’ या बोलण्यात भीतीला नावही मिळते आणि वाटही. चवथीला दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन होताना रडणारे मूल हा चेष्टेचा विषय ठरू नये. आवडती गोष्ट निरोप घेते तेव्हा हुरहुर लागते आणि ती हुरहुर सोसता येते, हा आयुष्यभर उपयोगी पडणारा धडा त्याला तेथे मिळू शकतो.

दूर असलेले पालक, निकालाचे दिवस

गोव्यातील अनेक घरांत वडील जहाजावर किंवा आखातात नोकरीला असतात. निरोपाच्या वेळी रडारड नको म्हणून मूल झोपेत असतानाच निघून जाण्याची पद्धत काही घरांत दिसते. रडणे टळते, पण उठल्यावर माणूस नाहीसा झालेला असतो आणि झोपेचीच धास्ती वाटू लागते. त्यापेक्षा जाण्याचा दिवस आधी सांगावा, रडू द्यावे, परतण्याचा महिना दिनदर्शिकेवर मुलाच्या हाताने खूण करून घ्यावा आणि फोनची वेळ ठरवून ती पाळावी. अंतरापेक्षा अनिश्चितता मुलाला अधिक जाचते.

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस किशोरवयीन मुलांची परीक्षा घेतात, त्याहून अधिक ती पालकांची असते. शेजारच्या मुलाशी तुलना, नातेवाइकांचे फोन, घरातील अबोला यांतून मुलाला एकच अर्थ लागतो, की माझे मोल माझ्या गुणांइतकेच आहे. निकालाआधीच ‘आकडा काहीही असो, पुढचे आपण मिळून ठरवू’ हे वाक्य आईवडील दोघांच्या तोंडून मुलाला ऐकायला मिळाले, तर वाईट बातमी घेऊन ते घरीच येते, घरापासून दूर जात नाही.

तुटलेले सांधणे

या साऱ्यामुळे पालकांवर सदैव शांत राहण्याचे ओझे येते का? संशोधनाचा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बाळाशी खेळणारी आई दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून, हात पुढे करून, किंचाळून तिला परत मिळविण्याचा प्रयत्न करते आणि अखेर मान वळवून खचते. आई पुन्हा हसू लागली की नाते सावरू लागते. पुढील निरीक्षणांत असेही दिसले की नेहमीच्या, निरोगी मायलेकरांचे सूरही सुमारे एक-तृतीयांश वेळच जुळलेले असतात. उरलेल्या वेळात सूर चुकतो आणि पुन्हा लावला जातो. हे पुन्हा लावणेच मुलाला भरवसा शिकविते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी याच अर्थाने आदर्श मातेऐवजी ‘पुरेशी चांगली’ माता ही कल्पना मांडली होती.

म्हणून रागाच्या भरात हात उचलला गेला किंवा लागट शब्द गेला, तर दिवस संपण्यापूर्वी मुलाजवळ जाऊन ‘मी ओरडले ते चुकले. तुझे वागणे मला पटले नव्हते, पण तसे बोलायला नको होते,’ असे म्हणणे आवश्यक ठरते. क्षमा मागितल्याने पालकाचा मान उणावत नाही. चूक झाल्यावर काय करायचे असते, हे मुलाला अन्यत्र कुठे पाहायला मिळणार?

मदत केव्हा घ्यावी

काही चिन्हे मात्र घरगुती उपायांवर सोडू नयेत. झोप किंवा भूक अनेक आठवडे बिघडणे, आवडीच्या खेळातून मन उडणे, शाळेला जाण्याची तीव्र भीती, वारंवार पोट वा डोके दुखणे आणि तपासणीत कारण न सापडणे, स्वतःला इजा करणे किंवा जगणे नको असे बोलणे, ही ती चिन्हे होत. शेवटच्या दोहोंत एक दिवसही थांबू नये. बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा आणि मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी विनामूल्य उपलब्ध आहेत.

या यादीत सहज निसटणारे एक चिन्ह आहे. जे मूल एकाएकी फार शहाणे झाले, काही मागेनासे झाले, कशावर रडेनासे झाले, त्याचे कौतुक करण्याआधी त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे. ते शांत झाले आहे की गप्प, हे विचारून लगेच कळत नाही. रोज थोडे जवळ बसल्यावर ते आपणहून बोलू लागते.